सर्फबोर्डची घासाई घरी करताय? यंत्र निवडताना वॅटच्या आधी धूळ पाहा

चेन्नई : जॉर्ज टाउनमधील लिंगी चेट्टी स्ट्रीटवरच्या एखाद्या हत्यारांच्या दुकानात नुसते ‘घासायचे मशीन’ मागितले, तर समोर चार इंची अँगल ग्राइंडर येण्याचीच शक्यता अधिक. तो स्वस्त असतो, कुठेही दुरुस्त होतो आणि लोखंडी फाटकापासून फरशीपर्यंत सर्वत्र चालतो. मात्र घराच्या गच्चीवर स्वतःचा सर्फबोर्ड तयार करणाऱ्या हौशी कारागिरासाठी यापेक्षा चुकीची खरेदी क्वचितच असेल. बोर्ड बिघडतो ते वेगळेच. खरा प्रश्न त्यातून उडणाऱ्या धुळीचा आहे.

मद्रासच्या या जुन्या व्यापारी पेठेला लाटांचे नाते नवे नाही. बंदर बांधले जाण्यापूर्वी समुद्र आजच्या राजाजी सालैच्या जवळ होता; त्या रस्त्याचे जुने नावच ‘फर्स्ट लाइन बीच’. खोल समुद्रात नांगरलेल्या जहाजांवरील माल आणि माणसे फेसाळत्या लाटांतून किनाऱ्यावर आणण्याचे काम काथ्याने शिवलेल्या मसुला होड्या करीत. बांधलेल्या ओंडक्यांचे ‘कट्टुमरम’ याच किनाऱ्याचे आणि इंग्रजीतील ‘कॅटमरान’ हा शब्द त्यावरूनच आला. (लिंगी चेट्टी स्ट्रीटशेजारच्या तंबू चेट्टी स्ट्रीटवरील कालिकांबाळ मंदिरात छत्रपती शिवाजी महाराज १६७७ मध्ये दर्शनास आल्याची परंपरा सांगितली जाते. मराठी माणसाला ही पेठ ठाऊक असते ती बहुधा त्यामुळेच.) आता लाटांवरचा खेळ दक्षिणेकडे सरकला आहे. सुमारे ४० किलोमीटरवरचे कोवलम हे मच्छीमारांचे गाव सर्फिंगचे केंद्र बनले, तर महाबलीपुरम येथे ऑगस्ट २०२५ मध्ये झालेल्या आशियाई सर्फिंग स्पर्धेत कर्नाटकच्या रमेश बुदिहाळ याने कांस्यपदक मिळवले. तयार बोर्ड महाग पडतो. त्यामुळे थर्माकोल, काचतंतूंचे कापड आणि रेझिन आणून तो घरीच बनवण्याचा मोह होणे स्वाभाविक आहे.

सर्फबोर्डचा गाभा हलक्या फोमचा असतो. त्यावर काचतंतूंचे कापड रेझिनमध्ये भिजवून बसवतात आणि कापडाची वीण झाकण्यासाठी वरून रेझिनचा आणखी एक थर देतात. हा शेवटचा थर घासून गुळगुळीत करणे हे घासाईचे मुख्य काम. तो जेमतेम पातळ असतो. यंत्र क्षणभर एकाच जागी रेंगाळले की रेझिन संपते आणि कापड उघडे पडते. तेथून ताकद कमी होते आणि पाणी आत शिरू लागते.

धुळीचे प्रकारही तितकेच. फोमची भुकटी हलकी असते. ती घरभर उडते आणि स्थितिक विजेमुळे कपड्यांना, भिंतींना चिकटते. काचतंतूंचे तुकडे खाज आणतात. हे तंतू साधारणपणे ९ ते १३ मायक्रॉन जाडीचे असल्याने ते सहसा फुप्फुसाच्या खोल भागापर्यंत पोहोचत नाहीत. त्वचा, डोळे आणि घसा यांना मात्र सोडत नाहीत. रेझिनची बारीक पूड अधिक चिंतेची, कारण तिचे काही कण श्वासाबरोबर खोलवर जाण्याइतके सूक्ष्म असतात. त्यातही अर्धवट सुकलेल्या इपॉक्सीची धूळ सर्वात वाईट. तिच्यामुळे एकदा ॲलर्जी जडली की ती बहुधा जन्मभर सोबत राहते आणि पुढे थोडासा संपर्कही पुरळ उठवतो. म्हणून रेझिन पूर्ण कडक होण्यापूर्वी त्याला यंत्र लावू नये. चेन्नईसारख्या दमट हवेत इपॉक्सीवर मेणचट साय धरते. ती आधी पाण्याने धुऊन काढावी लागते, अन्यथा कागद लगेच चोंदतो.

आता यंत्राकडे. चार इंची ग्राइंडर मिनिटाला सुमारे ११,००० फेरे घेतो. म्हणजे चकतीच्या कडेचा वेग ताशी २०० किलोमीटरच्या घरात जातो. या वेगाने रेझिन जळते, खाली थर्माकोल असेल तर तो ८० अंशांच्या पुढे मऊ पडून दबतो आणि धूळ खोलीच्या दुसऱ्या टोकापर्यंत फेकली जाते. व्यावसायिक बोर्ड-कारागीर अनेक वर्षांपासून वेग कमी-जास्त करता येणारा सात इंची पॉलिशर वापरतात. त्याचे फेरे साधारण ६०० ते ३,००० असतात आणि त्याला स्पंजाची मऊ गादी लावलेली असते. सरावलेल्या हातात हे यंत्र अप्रतिम काम करते. पण त्याची चकती उघडी असल्याने धूळ पकडणे अवघड. कडेने झाकण लावले तरी बोर्डाच्या गोलाईवर ते उचलले जाते आणि फटीतून धूळ निसटते. कारखान्यातील स्वतंत्र, बंद खोलीत हे चालून जाते. शेजाऱ्यांची कपडे वाळत घातलेली गच्ची ही तशी जागा नव्हे.

घरच्या कामासाठी योग्य यंत्र म्हणजे रँडम ऑर्बिटल सँडर. येथे ग्राहकाची एक हमखास फसगत होते. या यंत्राच्या पाटीवरही १२,००० असा आकडा दिसतो आणि ते ग्राइंडरइतकेच वेगवान वाटते. प्रत्यक्षात हा आकडा फेऱ्यांचा नसून झोक्यांचा असतो. चकती दोन-तीन मिलिमीटरच्या चिमुकल्या वर्तुळांत थरथरते आणि त्याच वेळी स्वतःभोवती सावकाश फिरते. त्यामुळे एकाच रेषेत ओरखडे पडत नाहीत, उष्णता कमी होते आणि चूक झालीच तर ती लहान असते. चकतीला छिद्रे असतात. घासताना तयार होणारी पूड जन्मतःच त्या छिद्रांतून वर ओढली जाते. धूळ कमी होण्याचे सारे रहस्य येथेच आहे.

खरेदी करताना वॅटचा आकडा दुय्यम मानावा. १२५ मिलिमीटरची चकती, वेग बदलण्याची सोय आणि बाहेरचा पाइप जोडता येईल असे तोंड, या गोष्टी आधी पाहाव्यात. झोक्याचा व्यास अडीच-तीन मिलिमीटर असल्यास शेवटची सफाई चांगली होते. पाच मिलिमीटरचा सँडर काम भराभर उरकतो, पण खुणा ठेवतो. एकच घ्यायचा तर लहान झोक्याचा घ्यावा, वेळ थोडा अधिक लागेल इतकेच. चकती आणि कागद यांच्यामध्ये बसणारी मऊ स्पंजाची गादी वेगळी घ्यावी लागते. तिच्याशिवाय सपाट चकती बोर्डाच्या गोलाईवर काठाने रुतते. गादी, कागद आणि चकती यांची छिद्रे एकमेकांवर जुळली नाहीत, तर धूळ ओढण्याची सोय असून नसल्यासारखी होते. सुतारांचा चौकोनी सँडर स्वस्त असला तरी त्याचे कोपरे गोलाईत रुततात. बेल्ट सँडरचा विचारही नको.

सँडरसोबत येणारी छोटी पिशवी जाड कण अडवते. बारीक पूड तिच्या विणीतून बाहेर पडते. कापडी पिशवीचा घरगुती व्हॅक्यूम क्लीनरही हेच करतो, एका बाजूने ओढतो आणि मागच्या बाजूने सोडतो. धूळ ओढणाऱ्या यंत्रांची युरोपीय प्रतवारी एल, एम आणि एच अशी असून ती अनुक्रमे किमान ९९, ९९.९ आणि ९९.९९५ टक्के धूळ अडवतात. एम प्रतीचे यंत्र परवडत नसेल, तर बारीक फिल्टर असलेला व्हॅक्यूम आणि त्याच्या आधी धूळ खाली पाडणारा चक्राकार डबा ही जोडणी पुष्कळ काम भागवते. दुकानात जाताना घरच्या व्हॅक्यूमचा पाइप बरोबर नेलेला बरा. प्रत्येक कंपनीच्या तोंडाचा व्यास वेगळा असतो आणि चिकटपट्टी गुंडाळून केलेली जोडणी तासाभरात सुटते. ओढ फार जोराची ठेवली, तर मात्र चकती बोर्डाला चिकटून अडखळते; ती थोडी कमी करावी लागते.

कागदाच्या बाबतीत कंजूसपणा महागात पडतो. ८० नंबरपासून सुरुवात करून १२०, १८० आणि २२० असे चढत जावे. झिजलेला कागद कापत नाही, नुसता तापवतो. मग हात आपोआप जोर देतो आणि कापड उघडे पडते. जाळीदार कागद किंमतीने जास्त, पण त्याच्या संपूर्ण पृष्ठभागातून धूळ ओढली जाते आणि तो चोंदतही नाही.

यंत्र कितीही चांगले असले तरी मुखपट्टी सुटत नाही. एन-९५ मुखपट्टी धुळीपासून संरक्षण देते. पॉलिएस्टर रेझिनमधील स्टायरीनच्या वाफांपुढे ती निरुपयोगी ठरते, त्यासाठी सक्रिय कोळशाची फिल्टर असलेली मुखपट्टीच लागते. त्या वाफा किंवा ॲसिटोन हवेत असताना सँडर सुरूही करू नये, कारण अशा मोटरमध्ये ठिणग्या पडतात. परदेशातून कुणी सँडर आणून देणार असेल, तर व्होल्टेज आधी विचारावे. अमेरिकेतील १२० व्होल्टचे यंत्र आपल्या २३० व्होल्टवर काही क्षणांत जळते.

बोर्डाच्या कडा आणि शेपटीचा भाग यंत्राने घासण्याचा हट्ट नवशिक्याने धरू नये. तेथे रेझिन सर्वात पातळ असते. ४०० नंबरचा वॉटर पेपर स्पंजाभोवती गुंडाळून, पाण्याचा हात देत हाताने घासावे. धूळ उडतच नाही. त्यातून निघणारा दुधाळ गाळ मात्र तसाच वाळू देऊ नये. वाळला की त्याची पुन्हा धूळ होते, म्हणून तो ओला असतानाच पुसून कागदात गुंडाळून टाकावा.