झोपेत थांबणारा श्वास

दिवसभर राबून आपण रात्री अंग टाकतो. डोळा लागतो, पण श्वास चालूच राहतो. मेंदू हुकूम देतो, छाती-पोट हलतं, हवा आत-बाहेर होते.

काही माणसांचा श्वास मात्र झोपेत मध्येच थांबतो. दहा सेकंद, वीस सेकंद, कधी त्याहून जास्त. मग झोप चाळवते, श्वास सुरू होतो नि माणूस पुन्हा झोपतो. सकाळी त्याला यातलं काही आठवत नाही. डोकं मात्र जड असतं. दिवसा डुलक्या येतात. लोक म्हणतात, "आळशी झालाय!" पण हा आळस नसेल, आजार असेल. ट्रॅक्टर चालवताना डुलकी आली तर जिवावरच बेतायचं.

हा आजार मुख्यतः दोन तऱ्हांचा आहे. नेहमी आढळतो त्यात घशातली वाट मिटते. छाती-पोट धडपडतं, पण हवा आत जात नाही. असा माणूस बहुधा मोठ्यानं घोरतो.

दुसरी तऱ्हा क्वचित आढळते. वाट मोकळी असते, पण मेंदूचा हुकूमच येत नाही. छाती-पोट स्वस्थ पडून राहतं. घोरणं नसलं तरी हा आजार असू शकतो. हृदय दुबळं झालेल्या काहींचा श्वास वाढत जातो, मग कमी कमी होत थांबतो नि पुन्हा वाढतो. आयर्लंडमधल्या डब्लिन शहरी डॉक्टर चेन यांनी १८१८ साली व डॉक्टर स्टोक्स यांनी १८५४ साली असा श्वास लिहून ठेवला. आजही तो त्या दोघांच्या नावानं ओळखतात.

मग आजार कोणता, हे कसं कळतं? मोठ्या दवाखान्यात रात्रभर झोपवून तपासणी करतात. नाकाशी नळी, छाती-पोटाला पट्टे, डोक्याला तारा, बोटाला चिमटा लावतात. चिमटा रक्तातला प्राणवायू दाखवतो. यात दुखत काही नाही. हवा थांबली पण पट्टे हलत राहिले, तर वाट बंद. पट्टेही थांबले, तर हुकूम बंद. दोन्हींवरचे उपाय वेगळे, म्हणून ही पारख हवीच.

झोपलेल्याला स्वतःचा आजार दिसत नाही. तो शेजारी निजणाऱ्याला दिसतो. तेव्हा घरच्यांनो, घड्याळ घेऊन एक रात्र बसा. श्वास किती वेळ थांबतो, छाती हलते का, ते पाहा आणि डॉक्टरांना सांगा. त्यांना विचारल्याशिवाय झोपेच्या गोळ्या मात्र देऊ नका. तुमची एक रात्रीची जाग घरच्या माणसाचा जीव वाचवील.