रॅपरची दुहेरी कसोटी

१९७० च्या दशकात न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागात उदयाला आलेल्या हिप-हॉप संस्कृतीतील रॅप, म्हणजे ठेक्यावर लयीत उच्चारलेले सयमक काव्य, ऐकायला सोपे वाटले तरी चार ठोक्यांच्या आवर्तनात शब्द बसवणे, श्वास राखणे आणि 'फ्लो', म्हणजे उच्चारांची स्वतःची चाल, घडवणे यांसाठी दीर्घ रियाज लागतो. १९८० च्या दशकात अमेरिकी रॅपर राकिमने ओळींच्या पोटात यमके गुंफून या कलेची उंची वाढवली. मात्र कौशल्याइतकेच सच्चेपणही महत्त्वाचे असते, कारण न जगलेल्या आयुष्याची उसनी भाषा जाणकार श्रोते स्वीकारत नाहीत. म्हणूनच मुंबईचे रॅपर डिव्हाइन आणि नेझी यांनी २०१५ मधील 'मेरे गली में' या गाण्यात आणलेली मुंबईच्या वस्तीची बोली तरुणांना भिडली. तंत्र सरावाने साधते. स्वतःचा आवाज मिळवण्यासाठी मात्र आपल्या परिसराकडे प्रामाणिकपणे पाहण्याचे धैर्य हवे.