नेटाटॉक : जुन्या मॅकचा दुभाषा

जुना मॅकिंटॉश नव्या लिनक्स मशीनला जोडून फायलींची देवघेव करायची म्हटलं, की सगळ्यांचा संशय मॅकवर जातो. प्रत्यक्षात तो ठणठणीत असतो. आढेवेढे घेतं ते भोवतालचं नवं नेटवर्क. या दोघांचं बोलणं जुळवून देणारा प्रोग्रॅम म्हणजे नेटाटॉक.

तो अमेरिकेतल्या मिशिगन विद्यापीठात तयार झाला. ॲपलने १९८५मध्ये आणलेली ॲपलटॉक ही नेटवर्कची पद्धत युनिक्सला समजावी, एवढाच हेतू. ती पद्धत त्या काळाच्या मानाने भलतीच शहाणी. मॅकला पत्ता नेमून द्यावा लागत नसे. तो स्वतःच एक क्रमांक उचलायचा, ‘हा कोणी घेतलाय का?’ असं तारेवर विचारायचा आणि उत्तर आलं नाही तर तोच धरून बसायचा. तिच्या मूळ तारेचा, म्हणजे लोकलटॉकचा, वेग मात्र सेकंदाला २३०.४ किलोबिट.

पुढे जग इंटरनेटच्या टीसीपी/आयपी पद्धतीकडे वळलं. ॲपलने मॅकच्या २००९च्या ‘स्नो लेपर्ड’ या ऑपरेटिंग सिस्टीममधून ॲपलटॉक काढलं, २०१२मध्ये नेटाटॉक ३.०नेही तेच केलं. हौशी मंडळी जुन्या २ क्रमांकाच्या आवृत्तीला चिकटून राहिली आणि २०२४मध्ये ४.०ने ॲपलटॉक परत आणलं. टाकलेली गोष्ट बारा वर्षांनी उचलून घेणारं सॉफ्टवेअर विरळाच.

जोडणी होत नसेल, तर बिघाड शोधायचा तो मॅकवरच्या चूझर नावाच्या छोट्या खिडकीतून. डावीकडे फायलींच्या देवघेवीसाठीच्या ॲपलशेअरच्या चित्रावर क्लिक केलं, की उजवीकडे सर्व्हरचं नाव यायला हवं. उजवी बाजू रिकामीच राहिली तर पासवर्डशी झटापट करू नये, खोट त्याच्या आधीच आहे. बरेचदा कंट्रोल पॅनेलमध्ये इथरनेटऐवजी प्रिंटर पोर्ट निवडलेला असतो. नाहीतर मध्ये वायफाय असतं, आणि पुष्कळ राउटर ॲपलटॉकची हाक पुढे पोचवतच नाहीत. लिनक्सच्या कर्नलमध्ये ॲपलटॉकचं मॉड्यूल लोड झालेलं नसलं तरी हेच. नाव दिसतं पण सर्व्हर आत घेत नाही, असं असेल तर पासवर्ड आखूड करून पाहावा. सर्वांत जुन्या लॉगिन पद्धती आठ अक्षरांपलीकडे जात नाहीत. (असा सर्व्हर इंटरनेटवर उघडा ठेवू नये, हे सांगायला नकोच.)

खरी डोकेदुखी जोडणी झाल्यावर सुरू होते. जुन्या मॅकच्या फायलीला दोन भाग असतात, डेटा फोर्क आणि रिसोर्स फोर्क. मोटोरोला ६८००० घराण्यातल्या मॅकवरच्या प्रोग्रॅमांचा कोड सहसा रिसोर्स फोर्कमध्येच असे. म्हणून असा प्रोग्रॅम विंडोजच्या पेनड्राइव्हवरून फिरून आला, की नाव शाबूत आणि आकार शून्य बाइट! नेटाटॉक २ रिसोर्स फोर्क ‘ॲपलडबल’ नावाच्या लपलेल्या फोल्डरमध्ये ठेवतं. लिनक्सच्या बाजूने साफसफाई करताना कोणी तो कचरा समजून उडवला, की मॅकवर प्रोग्रॅमांच्या चित्रांऐवजी कोरी पानं दिसू लागतात.

यावर जाणकारांचा उपाय म्हणजे स्टफइट. त्यात दोन्ही फोर्क एका गाठोड्यात बांधले जातात. पण गाठोडं सोडणारा प्रोग्रॅम आधी मॅकवर हवा, आणि त्यालाही रिसोर्स फोर्क असतोच! तो मग १.४४ एमबीच्या फ्लॉपीवर डिस्क इमेज लिहून आणायचा. १९८८पूर्वीच्या मॅकवर तेही जमत नाही. त्यांचं ४०० किंवा ८०० केचं ड्राइव्ह चकती फिरवण्याचा वेग बदलत राहतं, आणि पीसीच्या साध्या ड्राइव्हला तशी फ्लॉपी लिहिता येत नाही. मग जरा नंतरच्या काळातला एक मॅक मध्ये बसवावा लागतो. हौशी लोक त्याला ‘ब्रिज मॅक’ म्हणतात. १९९७चा बेज रंगाचा पॉवर मॅकिंटॉश जी३ या कामाला सोयीचा, कारण इथरनेट, फ्लॉपी आणि लोकलटॉकसाठी सीरियल पोर्ट, तिन्ही त्याच्यात आहेत.