माथ्यावर आणलेलं पाणी

दक्षिण फ्रान्समध्ये तुलूझ शहराच्या आग्नेयेला नोरूझ नावाची एक खिंड आहे. उंची जेमतेम १९० मीटर, म्हणजे डोंगर म्हणावा असं तिथे काहीच नाही. पण पाऊस पडला की या उंचवट्याच्या पश्चिमेचं पाणी अटलांटिकला जातं आणि पूर्वेचं भूमध्य समुद्राला. हे दोन समुद्र कालव्याने जोडावेत, म्हणजे गलबतांना स्पेनला वळसा घालायला नको, हा विचार फ्रेंच राजांच्या दरबारात पिढ्यान् पिढ्या चालला होता. खणायला माणसं मिळाली असती, पैसाही उभा राहिला असता. घोडं अडत होतं ते पाण्यावर. कालवा खिंडीवरून न्यायचा, तर प्रत्येक बोट माथ्यावरून खाली उतरताना तिथलं थोडं पाणी सोबत घेऊन उतरणार. मग माथ्यावर बारमाही पाणी यायचं कुठून?

हे कोडं सोडवलं मिठावरचा कर गोळा करणाऱ्या एका कंत्राटदाराने. पिएर-पॉल रिके हा बेझिये गावचा. स्थापत्याचं शिक्षण नाही, पण वसुलीच्या निमित्ताने सगळा मुलूख पायाखालचा. उत्तरेच्या ‘काळ्या डोंगरात’ भरपूर पाऊस पडतो, तिथले ओढे अडवून, उताराचा नेमका अंदाज घेत चरांनी पाणी नोरूझपर्यंत आणता येईल, असं त्याने ताडलं. रव्हेल गावचा एक पाणक्या, पिएर कांपमास, त्याच्या सोबतीला होता. आधी एक चाचणीचा चर खणून पाणी येतं हे त्याने दाखवून दिलं आणि १६६६ मध्ये चौदाव्या लुईने हुकूमनामा काढला. सें-फेरेओलला मातीचं आणि दगडाचं धरण उभं राहिलं. त्याच्या तलावात साठ लाख घनमीटरहून अधिक पाणी मावतं, आणि आजही उन्हाळ्यात कालव्याला तिथून पाणी येतं.

कॅनाल द्यु मिदी तो हाच. २४० किलोमीटर लांब, तुलूझपासून भूमध्य किनाऱ्याजवळच्या ‘तो’ नावाच्या खाऱ्या सरोवरापर्यंत. १९९६ पासून जागतिक वारसा यादीत. मालाच्या बोटी थांबून काही दशकं झाली. आता इथे सुट्टीवर आलेली माणसं भाड्याच्या बोटी चालवतात.

आम्ही गेलो जूनमध्ये. तुलूझमध्ये विमानं बांधण्याचा मोठा उद्योग आहे, त्यामुळे भारतीय अभियंते तिथे बऱ्यापैकी आहेत. आमचा एक कॉलेजचा मित्र त्यांतलाच, आणि बोटीची कल्पना त्याचीच. बोट चालवायला परवाना लागत नाही. सुकाणू कसं धरायचं, मागे कसं घ्यायचं, दोर कसा टाकायचा, एवढं अर्ध्या-पाऊण तासात दाखवतात आणि किल्ली हातात देतात. वेगाची मर्यादा ताशी ८ किलोमीटर. काठावरच्या वाटेने सायकलवाले आरामात पुढे निघून जातात, हात करतात. बोटीत झोपायच्या खोल्या, गॅसची शेगडी, छोटा फ्रीज असतो. सकाळी काठाला लागून पोहे करायचे, मग दोर सोडून निघायचं, असा क्रम पहिल्याच दिवशी आपोआप बसला.

कार्कासोनच्या पुढे त्रेबहून आम्ही बेझियेच्या दिशेने निघालो, म्हणजे उताराने. उतार आला की जलपाश आला. बोट भरलेल्या हौदात घ्यायची, मागचे दरवाजे बंद होतात, पुढच्या दरवाजांतल्या झडपा उघडतात आणि पाणी घुसळत बाहेर पडू लागतं. काठावरच्या खुंट्याला दोराचा नुसता वेढा द्यायचा आणि दुसरं टोक हातात ठेवून बोट उतरेल तसतसा दोर सोडत जायचा. गाठ मात्र कधीच मारायची नाही. मारली, तर पाणी खाली जातं आणि बोट दोराला लटकते. पाच-सात मिनिटांत आपण हिरव्या शेवाळाच्या ओल्या भिंतींच्या तळाशी असतो आणि मघाशी डोळ्यांसमोर असलेला काठ डोक्याच्या वर गेलेला असतो. दगडांच्या सांध्यांतून पाण्याच्या बारीक धारा गळत असतात, नेचे उगवलेले असतात.

तळातून वर पाहिलं की हौदाचा आकार कळतो. तो आयताकृती नाही, लंबगोल आहे. सुरुवातीचे जलपाश सरळ भिंतींचे होते. त्यांतला एक मातीच्या दाबाने ढासळला, तेव्हा रिकेने भिंतींना बाहेरच्या बाजूला बाक दिला. आडवी झोपवलेली कमानच ती. माती जितकी रेटेल तितके दगड एकमेकांना घट्ट धरतात. साडेतीनशे वर्षांपूर्वीचा तो निर्णय आपण दोर हातात धरून उभे असताना आपल्याला आणि आपल्या बोटीला सांभाळत असतो, हे मला तिथे फार जवळून जाणवलं. पुस्तकात वाचलेला लंबगोल वेगळा आणि त्याच्या पोटात उतरणं वेगळं.

जलपाशांवर माणसं असतात, उन्हाळ्यात बरीचशी सुट्टीतली कॉलेजची मुलं. दुपारी तासभर जेवणाची सुट्टी आणि संध्याकाळी सात वाजता कुलूप. अडकलात तर अडकलात, तिथेच खुंट्याला बोट बांधायची आणि जेवायचं. घाई करून काही साधत नाही, कारण पुढच्या बोटीला ओलांडून जायची सोय जलपाशात नाही. गावाकडच्या बाजारातून आणलेले टोमॅटो, बकरीच्या दुधाचं चीज आणि पाव, आणि दोन्ही काठांना मिनर्व्हवाच्या द्राक्षांचे मळे. टॉमस जेफरसन फ्रान्समध्ये अमेरिकेचा राजदूत असताना, १७८७ मध्ये, याच कालव्यातून गेला होता. त्याने आपल्या घोडागाडीची चाकं काढून गाडीच बोटीवर चढवली, तिच्यात बसून लिहीत-वाचत, मधेच उतरून काठाने चालत तो तुलूझला पोचला. सबंध प्रवासात मला त्याचा हेवा वाटत राहिला.

अर्झांच्या जलपाशानंतर ५४ किलोमीटर एकही जलपाश नाही. एका पातळीत राहण्यासाठी कालवा टेकड्यांच्या अंगाअंगाने वळणं घेत जातो, म्हणून नकाशावर तो इतका वेडावाकडा दिसतो. वाटेत १६७६ चा रेपुद्र नदीवरचा पूल लागतो. पुलावर पाणी आणि त्या पाण्यातून आपण, खाली नदी. पुढे ल सोमाय हे कमानी पुलाचं चिमुकलं गाव. तुलूझहून आगदला चार दिवसांत जाणाऱ्या टपालबोटीचे प्रवासी इथे रात्री मुक्काम करत. त्यांच्यासाठी बांधलेलं लहानसं प्रार्थनाघर अजून उभं आहे.

हे सगळं कोणी खणलं, याबद्दल एक गोष्ट सांगायलाच हवी. कामाच्या ऐन भरात १२ हजार माणसं राबत होती, आणि त्यांत बायका पुष्कळ होत्या. चंद्रा मुखर्जी या अमेरिकी अभ्यासक बाईंनी २००९ च्या आपल्या पुस्तकात मांडलंय की पिरेनीज पर्वतातल्या या बायका नुसत्या टोपल्या वाहत नव्हत्या. डोंगरातले पाट काढण्याचं, उतार ओळखण्याचं पिढीजात ज्ञान त्यांच्याकडे होतं आणि ते या कालव्यात उतरलं. पुतळे रिकेचे झाले. रिकेचं मोठेपण मला मान्यच आहे, पण काठावरच्या पाट्यांवर त्या बायकांचा उल्लेख मी शोधत होतो, तो कुठे दिसला नाही, याचं वाईट वाटलं.

वाईट वाटण्याजोगं आणखी एक आहे. या कालव्याच्या प्रत्येक चित्रात दोन्ही काठांवरच्या चिनारांचं छत असतं. एकोणिसाव्या शतकात मोठ्या प्रमाणावर लावलेली ही सुमारे ४२ हजार झाडं मुळांनी काठ धरून ठेवत आणि सावलीने पाणी राखत. २००६ मध्ये त्यांना बुरशीचा जीवघेणा रोग दिसला. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी सैन्याच्या दारूगोळ्याच्या लाकडी खोक्यांतून ही बुरशी फ्रान्समध्ये आली असं मानतात. पाण्यातून, अवजारांतून, झाडाला घासलेल्या दोरांतूनही ती पसरते, म्हणून झाडाला बोट बांधायला सक्त मनाई आहे. ३० हजारांहून अधिक झाडं तोडावी लागली. मैलच्या मैल उघडे काठ लागतात, ऊन भाजून काढतं. नवी रोपं लावणं चालू आहे, या वेळी एकाच जातीवर भरवसा न ठेवता ओक आणि इतर जाती मिसळून. त्यांची सावली आपल्याला मिळणार नाही, पण लावणारे मन लावून लावताहेत.

बेझियेच्या अलीकडे मालपाची टेकडी आहे. तिच्या पोटातून कालवा १६५ मीटरच्या बोगद्यातून जातो. बोटींसाठी खोदलेला युरोपातला हा पहिला बोगदा, १६७९ मधला. दगड ठिसूळ, वरून विरोधकांचा दबाव, तरी रिके हटला नाही. बोट बांधून टेकडीवर जरूर चढा. खाली मोंतादीचं तेराव्या शतकात कोरडं केलेलं तळं दिसतं. चर मधल्या बिंदूकडे धावतात, त्यांच्यामधली शेतं त्रिकोणी. त्या तळ्याचं पाणी याच टेकडीखालच्या मध्ययुगीन भुयारातून बाहेर जातं, आणि त्याच टेकडीतून एकोणिसाव्या शतकातली रेल्वेही जाते. एका टेकडीत तीन काळांचे तीन बोगदे.

मग फोन्सेरान. हौदाला हौद लागून असा जलपाशांचा जिनाच, त्यातून बोट २१ मीटरहून अधिक उतरते. काठावर बघ्यांची गर्दी असते आणि दोर सांभाळताना सगळ्यांचे डोळे आपल्यावर. खाली पोचल्यावर पलीकडे बेझियेचं कॅथेड्रल दिसतं. रिकेचं गाव हे. कालवा १६८१ च्या मे महिन्यात खुला झाला, तो आदल्या ऑक्टोबरात कर्जबाजारी अवस्थेत वारला होता. काम त्याच्या मुलांनी पुरं केलं.

जायचं असेल तर जून किंवा सप्टेंबर धरा. जुलै-ऑगस्टमध्ये ऊनही जास्त आणि जलपाशांवर रांगाही. पॅरिसहून बेझियेला थेट वेगवान रेल्वे आहे, साडेचार तासांच्या आसपास. हाताशी दिवस थोडे असतील तर त्रेब ते बेझिये एवढाच टप्पा घ्या, जलपाश आणि मोकळं पाणी दोन्ही मिळतं. आणि परतताना एक दिवस काढून नोरूझला जा. तिथे बोट लागत नाही, चालतच फिरायचं. डोंगरातून आलेला चर कालव्याला मिळतो ती जागा बघितल्याशिवाय हा कालवा पुरता बघून होत नाही.