लावलेले रोप मान का टाकते?

अमडापूरच्या काळ्या वावरात सकाळी लावलेली मिरची दुपारी मान टाकते, तेव्हा पाणी वाढवावेसे वाटते. पण रोपाला पाणी कमी पडते ते मुळांमुळे. पाणी शोषतात मुळांवरचे केसासारखे बारीक तंतू, आणि रोप उपटताना तेच तुटतात. पाने मात्र आपल्या सूक्ष्म छिद्रांतून वाफ सोडतच राहतात. खर्च चालू आणि आवक बंद, म्हणून पान लोंबते. मग रोप ती छिद्रे मिटून घेते आणि नवे तंतू फुटेपर्यंत वाढ थांबवते.

या काळात रोपाला जपायला हवे. लागवड ऊन उतरल्यावर करा. उपटण्याआधी गादीवाफा भिजवा, म्हणजे मुळांना माती धरून राहील. लागवडीनंतर लगेच पाणी द्या आणि तिसऱ्या-चौथ्या दिवशी हलके आंबवणी. काळी माती ओल धरून ठेवते. त्यात पाणी तुंबले तर मुळांना हवा मिळत नाही आणि ती कुजतात. युरियाचीही घाई नको, कारण क्षार वाढले की मुळांना पाणी ओढणे जड जाते. शेंड्यावर कोवळे पान दिसले की रोप लागले समजा. मेलेल्या रोपांच्या जागी आठ-दहा दिवसांत नांग्या भरा.