पालीचे पाठ्यपुस्तक कसे असावे?

३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्र सरकारने मराठीबरोबर पालीलाही अभिजात भाषेचा दर्जा दिला. तथापि वर्गातील स्थिती दर्जाने पालटत नाही. ती पाठ्यपुस्तकाने पालटते. बालपणापासून त्रिशरण म्हणणाऱ्या अनेक विद्यार्थ्यांना 'सरणं' ही द्वितीया व 'गच्छामि' हे प्रथमपुरुषी क्रियापद आहे, याचा महाविद्यालयातही पत्ता नसतो. हा दोष त्यांचा नव्हे; शिकविण्याच्या क्रमाचा होय.

आधी संधिनियम, मग 'बुद्ध' शब्दाची सर्व रूपे आणि शेवटी वाक्य, हा क्रम स्मरणशक्तीला शिणवितो. त्याऐवजी एका पाठात एकच विभक्ती व तीही वाक्यातून यावी. 'दारको विहारं गच्छति', 'दारको विहारा आगच्छति', 'दारको विहारे वसति' ही तीन वाक्ये वाचताच मुलगा विहाराकडे जातो, विहारातून येतो व विहारात राहतो, हे प्रत्ययांतून उमगते. तक्ता त्यानंतर द्यावा. मग तो ओझे न वाटता संग्रह वाटतो. लिली डी सिल्वा यांचे 'पाली प्रायमर' (इगतपुरी, १९९४) याच पायरीपायरीने चालते.

दुसरी गोष्ट आधाराची. 'धर्म'चे 'धम्म' झाले, असे सांगून भागत नाही. संस्कृत न शिकलेल्या मुलाला त्यामुळे एका अज्ञातासाठी दुसरे अज्ञात शिकावे लागते. मराठी ही पालीची थेट कन्या नव्हे, तरी नाते उघड आहे. हत्थ-हात, कण्ण-कान, सत्त-सात, दुद्ध-दूध. जोडाक्षर सुटे होते व आधीचा स्वर दीर्घ होतो, हा नियम मूल स्वतःच शोधून काढते. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनीही आपल्या पाली कोशात मराठी अर्थ दिले. तो कोश १९९८ मध्ये त्यांच्या लेखन-भाषणांच्या १६व्या खंडात प्रसिद्ध झाला.

मात्र साम्य फसवितेही. मराठीत 'वेदना' म्हणजे यातना. पालीत ती सुखद, दुःखद किंवा दोन्ही नसलेली अनुभूती. असे शब्द चौकटीत स्वतंत्र दाखवावेत, अन्यथा धम्माचा अर्थच विपरीत होतो.

प्रत्येक टप्प्याच्या शेवटी एक कथा असावी. सुंसुमार जातकातील (क्र. २०८) माकड व मगर मुलांच्या परिचयाचे आहेत. कथा ठाऊक असल्याने अपरिचित शब्दाचा अर्थ संदर्भाने लागतो आणि कोश उघडण्यापूर्वी विचार करण्याची सवय जडते.

कच्चायनाचे सूत्रविस्तृत व्याकरण नवशिक्यांसाठी संक्षिप्त करणाऱ्या ग्रंथाचे नाव 'बालावतार' आहे. नवशिक्याला दार उघडून देणे ही परंपरेतीलच जबाबदारी आहे. जो विद्यार्थी मूळ वचन स्वतः वाचू शकतो, त्याला त्याच्या अर्थासाठी कोणाच्या मध्यस्थीची गरज उरत नाही.