माल बदलून दिला, पण दोष गेला का?

भोसरी, पिंपरी-चिंचवड आणि चाकण भागातील मोठ्या कारखान्यांसाठी वेल्डिंग, प्रेस आणि पावडर कोटिंगचे जॉबवर्क करणारी असंख्य छोटी वर्कशॉप आहेत. आपले अनेक कारागीर बांधव याच कामावर रोजी कमावतात. माल नापास होऊन परत आला की कंपनी नुसता बदली माल घेऊन थांबत नाही, उपाययोजनेचा फॉर्मही भरून मागते. त्यावर बहुधा 'कामगाराला समज दिली, यापुढे काळजी घेऊ' एवढे लिहून सही होते. थोड्याच दिवसांत तोच दोष पुन्हा निघतो आणि काम दुसऱ्याकडे जाते.

तीन वेगळ्या गोष्टी

खराब माल बदलून देणे ही झाली दुरुस्ती. दोषाचे मूळ शोधून ते काढून टाकणे ही सुधारक कृती, आणि जो दोष अजून घडलेला नाही त्याची वाट आधीच बंद करणे ही प्रतिबंधक कृती. आयएसओ ९००१ या मानकाच्या सन १९९४ च्या आवृत्तीत या दोन्ही कृती एकाच कलमात होत्या. सन २०१५ च्या आवृत्तीत प्रतिबंधक कृतीचे वेगळे कलम काढून टाकण्यात आले, कारण धोका आधी ओळखणे हा साऱ्या कामाचाच भाग मानला गेला.

पाच वेळा 'का?'

जपानच्या टोयोटा कारखान्यात रुजलेली एक साधी पद्धत आहे. समजा, कोटिंग सोलून निघाले. का? पत्र्यावर तेल राहिले होते. का? धुण्याच्या टाकीतील रसायन कमजोर झाले होते. का? ते वेळेवर बदलले नाही. का? त्याची ताकद कोणी तपासत नव्हते. का? ते काम कोणाला नेमून दिलेलेच नव्हते. म्हणजे मूळ दोष कामगाराच्या हातात नाही, व्यवस्थेत आहे. नुसती समज देऊन तो जाणार नाही.

योजना कशी लिहावी?

प्रत्येक उपायापुढे चार गोष्टी हव्यात: काय करायचे, कोण करणार, कोणत्या तारखेपर्यंत आणि परिणाम कसा तपासणार. वरील उदाहरणात रोज सकाळी टाकी तपासून वहीत नोंद करण्याचे काम एका माणसाकडे नावानिशी द्यावे. धुतलेल्या भागावर स्वच्छ पाणी ओतून पाहावे. पाणी सलग पसरले तर पत्रा स्वच्छ आहे. थेंब थेंब होऊन फाटले तर तेल शिल्लक आहे. या तपासणीला खर्च काहीच नाही. पुढच्या काही लॉटमध्ये तक्रार आली नाही, हे नोंदीवरून दिसल्यावरच फॉर्म बंद करावा.

मग पुढचा विचार करावा. धुतलेला भाग पावसाळ्यात कोटिंगविना पडून राहिला तर गंज धरतो. म्हणून धुणे आणि कोटिंग यांमध्ये जास्तीत जास्त किती वेळ जाऊ द्यायचा, हे पावसाळ्यापूर्वीच ठरवावे. भट्टीचा तापमापक खरे तापमान दाखवतो का, तेही तपासून घ्यावे.

दोष लपवू नये

नापास माल चांगल्या मालात मिसळून पाठवण्याचा मोह अनेकांना होतो. सहीह मुस्लिममधील एक हदीस येथे आठवावी. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी बाजारात धान्याच्या ढिगात हात घातला, तर आतले धान्य ओले लागले. पावसाने भिजले, असे विक्रेत्याने सांगितले. तेव्हा, ते लोकांना दिसेल असे वर का ठेवले नाही, असे त्यांनी विचारले आणि फसवणूक करणारा आपल्यातला नाही, असे बजावले. ओले धान्य वर ठेवणे हीच सुधारणेची पहिली पायरी आहे. लपवलेल्या दोषाचे मूळ कधी सापडत नाही.

बेकरी असो, शिलाई असो की फर्निचर, रीत हीच. एक वही घाला, परत आलेल्या प्रत्येक मालाची तारीख, दोष आणि कारण लिहा. तेच कारण दुसऱ्यांदा दिसले की पहिला उपाय वरवरचा होता, असे समजा आणि पुन्हा मुळाशी जा. हलाल कमाईत बरकत हवी असेल, तर दिलेला शब्द आणि दिलेला माल दोन्ही सारखेच पक्के हवेत.